ले मान्सला जीटीओ करू का? (१९६८ची पॉन्टिॲक, मिशिगनचा गंज आणि मी)

मिरजेचा_मिस्त्री (१२ ऑक्टोबर)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

वय २४. शिकायला मिशिगनला आलो आणि आता ऑबर्न हिल्समध्ये नोकरी करतो. मिरजेत अण्णांचं गॅरेज आहे. अँबेसेडर, पद्मिनी आणि जीप यांच्याखाली आडवं पडूनच मोठा झालो. हे सांगायचं कारण, गेल्या महिन्यात एक उद्योग करून बसलोय आणि घरी अजून अर्धवटच सांगितलंय.

१९६८ची पॉन्टिॲक ले मान्स घेतली. दोन दरवाजे, मधला खांब नसलेला हार्डटॉप, ३५० घनइंचांचं, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन. एका शेतावरच्या शेडमध्ये वीसेक वर्षं उभी होती. मालकाने ६,५०० सांगितले, ५,२०० डॉलरला तुटली. बॉनेट उघडलं तर एअर क्लीनरमध्ये उंदरांचं बाळंतघर. चारही टायर बसलेले, पेट्रोलच्या टाकीला वार्निशचा वास, इंजिन जाम. रंग लाल, पण कुणीतरी घरीच फवारलेला दिसतोय, रबरांवरसुद्धा लाल. ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलला तर थेट जमीन दिसली. माझ्या बुटाचा नंबर ९, तो त्या भोकातून आरामात जातो.

आता प्रश्न. हिची सख्खी बहीण म्हणजे जीटीओ, पॉन्टिॲकचीच जोरदार इंजिनाची मसल कार. सांगाडा तोच, दरवाजे तेच. जीटीओचं नाक, हवेच्या तोंडाचं बॉनेट, मागचे दिवे आणि बिल्ले असं सगळं नवीन बनवलेलं मिळतं. ४००चं इंजिन शोधलं तर तेही बसतं. पाच-सहा हजारांत ले मान्सची जीटीओ होईल. करू का? इथल्या जाणकारांनी मत द्यावं.

कोकण्या (१२ ऑक्टोबर)

आधी फोटो टाक रे. धागा मसल कारचा आणि फोटो एकही नाही, म्हणजे वरण आहे पण भातच नाही.

शंकासुर (१२ ऑक्टोबर)

स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. २४व्या वर्षी ५,२०० डॉलरचा गंज विकत घेतलास. पत्रा, इंजिन, ब्रेक, रंग, सीटा, सगळं धरून पंचवीस हजारांच्या खाली उतरणार नाहीस आणि विकायला गेलास तर पंधरा मिळतील. त्याच पैशांत चालू स्थितीतली कॉर्व्हेट येते, एसी आणि एअरबॅगसकट. शिवाय १९६८ला जीटीओच ८० हजारांहून जास्त बनल्या, ले मान्स तर गल्लोगल्ली. दुर्मिळ म्हणावं तर तेही नाही.

मस्टँगवेडी (१३ ऑक्टोबर)

शंकासुर, हिशोब बरोबर आहे हो, पण हिशोब करून कुणी हे घेतं का? माझ्याकडे ६६ची मस्टँग आहे, सात वर्षं चाललंय. नवऱ्याने पावत्यांची बेरीज करायला केव्हाच बंदी घातली आहे.

मिस्त्री, रंगारंगोटीच्या आधी तीन गोष्टी. जुने ब्रेक शू ॲस्बेस्टॉसचे असणार, ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नकोस, ओली करून पुसून घे. जुना रंग शिशाचा धरूनच चाल, चांगला मास्क लाव. आणि वेल्डिंग सुरू करायच्या आधी पेट्रोलची टाकी उतरव. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, आत वाफ असते.

पुणेकर_इन_ह्यूस्टन (१३ ऑक्टोबर)

मस्टँग म्हणजे मसल कार नव्हे, पोनी कार. कीस पाडतोय, पण धागा मसल कारचा आहे म्हणून.

मस्टँगवेडी (१३ ऑक्टोबर)

आलेच! वाटच बघत होते.

वुडवर्ड_७४ (१४ ऑक्टोबर)

मिस्त्री, मी १९७४ साली डेट्रॉइटला आलो. सगळी नोकरी गाड्यांच्या सुट्या भागांत गेली, आता निवृत्त आहे. चार गोष्टी सांगतो.

प्रथम जीटीओ म्हणजे काय ते. जनरल मोटर्सने १९६३च्या सुरुवातीला आपल्या सगळ्या विभागांना शर्यतींतून बाहेर काढलं. पॉन्टिॲकची सगळी हवा शर्यतींच्या जोरावर होती, त्यांची पंचाईत झाली. तेव्हा जॉन डीलोरियन आणि त्याच्याबरोबरच्या इंजिनिअरांनी मोठ्या गाडीचं ३८९चं, म्हणजे ६.४ लिटरचं इंजिन मधल्या आकाराच्या टेंपेस्टमध्ये (ले मान्स ही तिचीच वरची आवृत्ती) बसवलं. कंपनीचा नियम होता की मधल्या गाडीला ३३० घनइंचांच्या वर इंजिन द्यायचं नाही. मग यांनी शक्कल लढवली. नवीन मॉडेल म्हणून मंजुरीला गेलेच नाहीत, साधारण ३०० डॉलरचं ऑप्शन म्हणून यादीत घुसवलं. वरच्यांना कळेपर्यंत डीलरांच्या ऑर्डरी आलेल्या. पहिल्याच वर्षी, १९६४ला, ३२,४५० गाड्या गेल्या. नावसुद्धा फेरारीकडून उचललेलं. म्हणजे मूळ जीटीओ हीच मुळात ले मान्सच्या अंगावर चढवलेला दागिना होती! त्यामुळे ‘नकली जीटीओ’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांचं मला हसू येतं.

पण तुझी गाडी ६८ची. ६६पासून जीटीओ वेगळं मॉडेल झालं आणि गाडीच्या चासी नंबरातच लिहिलं जाऊ लागलं. समोरच्या काचेतून डाव्या कोपऱ्यात पट्टी दिसते, तो नंबर वाच. पहिला २ म्हणजे पॉन्टिॲक. पुढे ३७ असेल तर ले मान्स, ४२ असेल तर जीटीओ. मग ३७ म्हणजे हार्डटॉप, ८ म्हणजे १९६८ आणि त्यापुढचं अक्षर कारखान्याचं. त्या पट्टीला हात लावायचा नाही, तो गुन्हा आहे. बाकी बिल्ले काय हवे ते लाव, फक्त विकताना खरं सांग.

माझं मत विचारशील तर करू नकोस. कारण नंतर सांगतो, आधी इंजिन फिरतंय का बघ.

कोकण्या (१४ ऑक्टोबर)

वाखूसा (वाचनखूण साठवली). काका, तुमचा वेगळा धागा पाहिजे.

अवांतर: आपल्याकडे कॉन्टेसाला मसल कार म्हणतात त्यात तथ्य आहे का?

वुडवर्ड_७४ (१४ ऑक्टोबर)

दिसायला आहे, दमाला नाही. १९८४ला आली तेव्हा तिच्यात अँबेसेडरचंच १,४८९ सीसी इंजिन होतं, इसुझूचं १.८ नंतर आलं. पण साचा ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा, आणि व्हॉक्सहॉल १९२५पासून जनरल मोटर्सच्या घरातली. म्हणजे कॉन्टेसा मिस्त्रीच्या ले मान्सची दूरच्या नात्यातली बहीण लागते.

मिरजेचा_मिस्त्री (२ नोव्हेंबर)

काका, नंबर २३७३७८पी ने सुरू होतो. पी म्हणजे पॉन्टिॲक गावातलाच कारखाना ना? माझ्या ऑफिसपासून पंधरा मिनिटं. पन्नास वर्षं फिरून पोरगी माहेरी आली.

इंजिनाची बातमी. आठही प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं करून ओतलं आणि आठ दिवस हात लावला नाही. ॲसिटोनच्या वासाने घरमालक दोनदा डोकावून गेले. नवव्या दिवशी क्रँकच्या बोल्टला लांब पाना लावून हलक्या हाताने पुढे-मागे केलं. दोन इंच हलला. मग चार. मग पूर्ण फेरा! रात्री साडेअकरा वाजता मिरजेला फोन लावला, तिकडे सकाळ. अण्णा म्हणाले, “लगेच सेल मारू नको. आधी चेंबर खोल, तळाला काय साचलंय ते बघ.”

खोललं. तळाला काळा गाळ आणि त्यात पिवळट प्लास्टिकचे तुकडे, तुटलेल्या दातांसारखे. हे काय आहे?

वुडवर्ड_७४ (२ नोव्हेंबर)

तुझ्या अण्णांना माझा नमस्कार सांग. त्यांनी तुझं इंजिन वाचवलं.

ते खरंच दात आहेत. आवाज कमी व्हावा म्हणून त्या काळात कॅमशाफ्टच्या टायमिंग गिअरला नायलॉनचे दात असत. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने नायलॉन कडक होऊन तुकडे पडतात, ते ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात आणि ऑइल वर चढत नाही. सेल मारला असतास तर बेअरिंग गेले असते. गिअर, चेन दोन्ही नवीन घाल, पूर्ण धातूचं. जाळी धू, नाहीतर बदल. ऑइल घेताना जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं, जुन्या इंजिनांसाठीचं घे. तुझे टपेट सपाट बुडाचे आहेत, आजच्या साध्या ऑइलने कॅम झिजतो.

शंकासुर (३ नोव्हेंबर)

किती झाले आत्तापर्यंत? सहज विचारतोय.

मिरजेचा_मिस्त्री (३ नोव्हेंबर)

६,८४०. सहज सांगतोय.

मिरजेचा_मिस्त्री (१९ जानेवारी)

धागा वर काढतोय. बाहेर उणे १४, गॅरेजमध्ये हीटर लावून उणे २.

दोन महिने पत्र्यात गेले. इथे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: डेट्रॉइटच्या खाली सुमारे १,२०० फुटांवर मिठाची खाण आहे, अक्षरशः शहराच्या पोटात. आणि हिवाळाभर इथे रस्त्यांवर मीठ पडतं. इथली गाडी वरून चकचकीत असते आणि खालून पापडासारखी मोडते. दोन्ही बाजूंचे फ्लोअर कापून नवे पत्रे टाकले. सगळ्यात वाईट जागा मागच्या काचेखालचे दोन कोपरे. पाणी तिथे थांबतं, पत्रा खातं, डिकीत उतरतं आणि मग डिकीचा तळ खातं. डाव्या कोपऱ्यात आधीच्या मालकाने लांबी (पुट्टी) भरून ठेवली होती. स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर बोटभर जाडीचा थर ढलपीसारखा निघाला. खाली वर्तमानपत्र कोंबलेलं!

वेल्डिंग मी इथल्या कम्युनिटी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गात शिकलो. पहिला टाका बघून अण्णा व्हिडिओ कॉलवर म्हणाले, “कबुतरं बसून गेली काय?” त्यांनीच मग सांगितलं, पत्र्यावर सलग शिवण मारत सुटू नको, इथे एक टाका, तिकडे एक टाका, मध्ये गार होऊ दे, नाहीतर पत्रा ओढला जातो. आता बरे येतात. ग्राइंडर मारल्यावर तर फारच बरे.

आणि एक सापडलं. फायरवॉलवरची (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावरची) पट्टी साफ केली, रंगाच्या जागी ‘क्यू’ आहे. शोधलं तर व्हर्डोरो ग्रीन. दाराच्या आतला लाल खरवडला, खाली हिरवा. गडद, थोडा सोनेरी झाक असलेला, पानमळ्यातल्या जुन्या पानासारखा. अर्धा तास बॅटरी मारून बघत बसलो.

मस्टँगवेडी (१९ जानेवारी)

फोटो बघितला. लालला परत हात लावलास तर बघ. टाके सुंदर आलेत, खोटं बोलत नाही, म्हणजे थोडंसंच बोलतेय.

वुडवर्ड_७४ (२० जानेवारी)

पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कागद मागव. कारखान्याच्या मूळ नोंदींवरून गाडी कशी बनून बाहेर पडली ते देतात, थोडी फी आहे. त्यातून कळेल हिच्यात मुळात काय होतं.

मिरजेचा_मिस्त्री (९ फेब्रुवारी)

कागद आले. हिरवी. ३५०चं दोन तोंडांच्या कार्ब्युरेटरचं इंजिन, २६५ हॉर्सपॉवर. ऑटोमॅटिक, तेही दोनच गिअरचं. जीटीओचं साधं इंजिनसुद्धा ३५० हॉर्सपॉवर! रेडिओ होता, एसी नव्हता. म्हणजे अगदी मध्यमवर्गीय गाडी.

पुणेकर_इन_ह्यूस्टन (९ फेब्रुवारी)

तेव्हाचे आकडे ग्रॉस आहेत हे विसरू नका. इंजिन बाकावर ठेवून, अल्टरनेटर आणि सायलेन्सरशिवाय मोजलेले. १९७२पासून नेट, म्हणजे सगळं जोडून मोजलेले आकडे छापायला लागले, तेव्हा सगळेच आकडे एकदम उतरले. त्या २६५ला आजच्या भाषेत २००च्या आतच धरा.

शंकासुर (९ फेब्रुवारी)

थोडक्यात, माझ्या कॅमरीहून कमी ताकद आणि चौपट पेट्रोल. पु.भा.प्र. (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

मिरजेचा_मिस्त्री (१७ मार्च)

मंडळी, तातडीने मदत हवी आहे. काका असाल तर लवकर या.

आज पहिल्यांदा सेल मारला. पेट्रोल येतंय, स्पार्क आहे, टायमिंगच्या खुणा दोनदा तपासल्या. इंजिन एखादा झटका देतं, सुरू होतंय असं वाटतं आणि कार्ब्युरेटरमधून फाडकन फटका. तिसऱ्या वेळेला ज्वाळा आली, भुवयांचे केस थोडे गेले. वायरी एका मित्राने लावून दिल्या, त्याने दहा-बारा शेवरोले ३५० बांधलेत. सिलिंडर पेटण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२, पाठ आहे त्याला. मी पुस्तकात बघितलं, पॉन्टिॲकचाही हाच क्रम आहे. मग चुकतंय कुठे?

वुडवर्ड_७४ (१७ मार्च)

आधी आग विझवायचं नळकांडं जवळ ठेव, मग पुढचं वाच.

मित्राचा क्रम बरोबर आहे, दिशा चुकली. शेवरोलेच्या डिस्ट्रिब्युटरमधला (प्लगांना पाळीने ठिणगी वाटणाऱ्या डब्यातला) रोटर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. पॉन्टिॲकचा उलटा फिरतो. वायरी तू काट्यांच्या दिशेने लावल्या असशील तर एक आणि सहा एवढेच दोन सिलिंडर वेळेवर पेटतायत, बाकी सहा भलत्या वेळी. म्हणून झटका बसतो आणि फटका येतो. कागदावर वर्तुळ काढून बघ, तुला पटेल.

लोकांना वाटतं जनरल मोटर्स म्हणजे एक कंपनी. त्या काळात शेवरोले, पॉन्टिॲक, ओल्ड्समोबील आणि ब्यूक हे चारही विभाग आपापलं ३५० बनवत. चार वेगवेगळी इंजिनं, आकडा एकच. एकाचं हेड दुसऱ्याला बसत नाही. आणि पॉन्टिॲकचं ३५० मोजायला गेलास तर ३५४ भरतं.

मिरजेचा_मिस्त्री (१७ मार्च, रात्री)

सुरू झालं!!!

सहा वायरींची जागा बदलली. दुसऱ्या सेललाच धरलं. गॅरेजच्या दारातून उंदरांच्या घरट्याचा उरलेला कापूस उडत बाहेर गेला. पहिली दोन मिनिटं मिस मारत होतं, मग सगळे सिलिंडर बोलायला लागले. मिरजेला व्हिडिओ कॉल चालूच होता. अण्णा काही बोलले नाहीत, मला म्हणाले फोन सायलेन्सरजवळ धर. मी धरला. आई मागून विचारत होती, “एवढा आवाज बरा आहे का?”

पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला ठिणगीचा स्विच) सेट करताना गंमत झाली. या डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाला धातूची छोटी खिडकी असते. इंजिन चालू असतानाच ती वर सरकवायची, आत षटकोनी चावी घालायची आणि ड्वेल मीटर (पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते दाखवणारा) बघत फिरवायचं, ३० अंशांवर आणायचं. अण्णांनी जन्मभर अँबेसेडरचे पॉइंट टोपण काढून, फिलर गेज घालून, अंदाजाने बसवले. खिडकी बघून म्हणाले, “एवढी साधी गोष्ट आमच्यापर्यंत कुणी का आणली नाही?”

मस्टँगवेडी (१८ मार्च)

भुवयांचा फोटो टाक. अभिनंदन!

रबराच्या सगळ्या पेट्रोल नळ्या बदलल्यास ना? आताच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर विरघळतं. कार्ब्युरेटरच्या आतला पंपाचा कपसुद्धा.

कोकण्या (१८ मार्च)

काका, ते ‘कारण नंतर सांगतो’ राहिलं. जीटीओ का करायची नाही?

वुडवर्ड_७४ (२१ मार्च)

राहिलंच. मी आलो तेव्हा तेलाची टंचाई नुकतीच होऊन गेली होती. पंपावरच्या रांगा लोकांच्या डोक्यात ताज्या होत्या. विमा कंपन्यांनी जोरदार इंजिनांवर आधीच जादा पैसे लावलेले, आणि बिनशिशाच्या पेट्रोलसाठी ७१पासून इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलेलं. ७४ला जीटीओ बंद झाली ती एका छोट्या गाडीचा बिल्ला होऊन. तेव्हा या गाड्या कवडीमोल झाल्या होत्या. माझ्या पहिल्या भाड्याच्या घराशेजारी कारखान्यात काम करणारं कुटुंब होतं, त्यांच्याकडे ६८ची ले मान्स होती. जीटीओ परवडली नाही म्हणून घेतलेली. तिच्यातून ते कामावर जात, किराणा आणत, हिवाळ्यात मला विमानतळावर सोडलंही त्यांनीच. ती मिठाने खाल्ली आणि भंगारात गेली, तशा बहुतेक गेल्या. जीटीओ लोकांनी गॅरेजमध्ये झाकून ठेवल्या. आज ऑगस्टमध्ये वुडवर्ड रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांच्या मिरवणुकीत बघ, दर दहाव्या गाडीला जीटीओ दिसेल. दोन तोंडांच्या कार्ब्युरेटरची, दोन गिअरची हिरवी ले मान्स मला कित्येक वर्षांत दिसलेली नाही.

बाकी गाडी तुझी आहे.

शंकासुर (२१ मार्च)

हे माझ्या पहिल्या प्रतिसादाला उत्तर दिलंत का काका? ‘गल्लोगल्ली’ हा शब्द मागे घेतो. पंचवीस हजार मागे घेत नाही.

मिरजेचा_मिस्त्री (१८ ऑगस्ट)

पाच महिने गायब होतो, क्षमस्व. हिरवी केली. बिल्ले ले मान्सचेच. रंग एका ओळखीच्या माणसाच्या बूथमध्ये स्वतः मारला. डाव्या दारावर संत्र्याच्या सालीसारखा आलाय, उन्हात दिसतो. पुढच्या वर्षी घासून परत मारीन, किंवा नाही मारणार. चारही ब्रेक ड्रमचेच ठेवलेत, फक्त सिलिंडर, नळ्या आणि शू नवीन. उतारावर दोनदा दाबून थांबली की तिसऱ्यांदा विचार करून थांबते. पुढच्या गाडीपासून लांब राहतो.

जुन्या गाड्यांची हिस्टॉरिक नंबरप्लेट घेतली. स्वस्त आहे, पण एरवी गाडी फक्त मेळावे, प्रदर्शनं यांनाच बाहेर काढायची. अपवाद ऑगस्टचा, तो महिनाभर कुठेही फिरवा. मिशिगन सरकारला रसिक म्हणायला हरकत नाही.

तर परवा, ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी, वुडवर्ड ड्रीम क्रूझला गेलो. फर्नडेलपासून पॉन्टिॲकपर्यंत माणसं रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेली, पालखी बघायला बसतात तशी. गाड्या मुंगीच्या वेगाने. रॉयल ओकच्या पुढे तापमानाचा काटा चढायला लागला. इंजिनाची उष्णता निघावी म्हणून हीटर पूर्ण चालू केला, ऑगस्टमध्ये, काचा खाली करून. तरी बर्मिंगहॅममध्ये बाजूला घ्यावीच लागली. बॉनेट उघडून पाणी गार व्हायची वाट बघत उभा होतो तर काका आले! हिरव्या रंगावरून ओळखलं म्हणे. काकूही होत्या, डब्यात थालीपीठ. तासभर आम्ही तिघे फुटपाथवर बसून खात होतो. जाणाऱ्या-येणाऱ्या सगळ्यांचा एकच प्रश्न, “जीटीओ का?” दर वेळी माझ्याआधी काकूच उत्तर द्यायच्या.

खर्च, शंकासुर विचारायच्या आधी: १७,९००. माझे तास धरलेले नाहीत. गॅलनला १२ मैल, म्हणजे लिटरला पाच किलोमीटर.

शंकासुर (१८ ऑगस्ट)

विचारणार नव्हतो. एकदा बसायला मिळेल का?

वुडवर्ड_७४ (१९ ऑगस्ट)

रेडिएटरच्या पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं दिसलं नाही मला. ते नसेल तर हळू चालताना पंखा रेडिएटरमधून हवा ओढतच नाही. आधी तेच बघ, थर्मोस्टॅट नंतर.

मिरजेचा_मिस्त्री (२३ ऑगस्ट)

कडं नव्हतंच, मागवलं. शंकासुर, कधीही या, मागची सीट अजून बसवलेली नाही पण पुढे जागा आहे.

काल रात्री मोठा पाऊस झाला. सकाळी डिकी उघडली तर उजव्या कोपऱ्यात वाटीभर पाणी. डावा कोपरा मी कापून बदलला होता, उजवा ‘चालेल’ म्हणून सोडला होता. म्हणजे मागची काच परत काढायची, नवा रंग परत कापायचा. पुढच्या शनिवारी सकाळी नऊला सुरू करतोय. काच धरायला दोन माणसं लागतात, कोण येतंय?